किरिबोची लालपोटी

इबिसिकी : नाही हो, सोबेरे काका, मासा मेलेला नाही. आजारीसुद्धा नाही. मला तो बदलून हवाय, एवढंच. आमच्या दवाखान्याच्या टाकीत मधोमध उठून दिसेल असा एक मासा द्या आणि हा बादलीतला तुमचा तुम्ही परत घ्या.

सोबेरे : विकलेला मासा मी परत घेत नाही, सिस्टर. दारावर पाटी आहे तशी.

इबिसिकी : त्या पाटीवर डाबामावशींनी भाजक्या केळ्यांचा भाव लिहिलाय.

डाबा : मग काय करू? नवरा मासे विकतो म्हणून मी उपाशी बसू? केळी घ्यायला माणसं रांग लावतात. माशाला दोन वर्षांतून एकदा तुम्ही येता, तेही परत करायला.

इबिसिकी : डॉक्टरांनी डोकं खाल्लंय माझं. पोटुशा बायका सकाळपासून तपासणीला ताटकळतात. समोर एवढी टाकी, आणि बघायला काय? वरच्या पाण्यात डझनभर बारके निळ्या डोळ्यांचे मासे, खाली नुसती वाळू. हा शहाणा मडक्यात तोंड खुपसून बसलेला. घेतला तेव्हा पोट कसं लालबुंद होतं. म्हणून तर घेतला होता.

सोबेरे : लाल पोट? कुणाकडून घेतला?

इबिसिकी : तुमच्याचकडून. तुमचं दुकान जुन्या धक्क्याला होतं तेव्हा.

सोबेरे : बादली इकडे उजेडात आणा. हळू. हिंदकळू देऊ नका.

(सोबेरे बादलीवर वाकतो. बादली फिरवून फिरवून बघतो.)

डाबा : काय हो? गेला का?

सोबेरे : गेला नाही. आणि तो नाही, ती आहे. डाबा, ही किरिबोची आहे.

डाबा : उगाच काहीतरी. चष्मा लावा आधी.

सोबेरे : लावलाय. कल्ल्यावरची हिरवी झाक बघ. दुसऱ्या कुठल्या खाडीतल्या माशाला ती नव्हती.

इबिसिकी : मला कुणी सांगेल का, काय चाललंय ते?

डाबा : हे काय सांगतात! मी सांगते. यांच्या आईपासून यांचं घर किरिबो खाडीवर जगलं. टोपल्या लावायच्या, हे मासे धरायचे, विमानानं परदेशी पाठवायचे. गेल्या वर्षी खाडीत रेती भरली आणि वर प्लॉट पाडले. आता त्या खाडीचे तीन मासे मागच्या टाकीत उरलेत. तिन्ही नर.

इबिसिकी : आणि ही मादी?

डाबा : हो ना. या जातीत बाईच नटते. नर बिचारा फिकट. गिऱ्हाईक लाल पोट मागायचं आणि हे लाल पोट काढून द्यायचे. फिकट तेवढे मागे राहायचे. मी कितीदा म्हटलं, अहो, घरातल्या सगळ्या लेकी वाटून टाकताय तुम्ही. पण माझं कोण ऐकतंय?

सोबेरे : तेव्हा खाडी होती. माल संपला की सकाळी टोपली टाकायची, दुपारी भरलेली. खाडीच संपेल असं कुणाच्या मनात येतं?

डाबा : एका मादीसाठी वर्षभर पोर्ट हारकोर्ट शहरातली एक टाकी सोडली नाही यांनी. हॉटेलं झाली, बँका झाल्या. एका चर्चमध्ये तर प्रार्थना चालू असताना काचेला नाक लावून उभे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इबिसिकी : मग आता अडलंय कुठं? तुम्हाला ही हवी, मला ही नको. तो पांढरा एंजल मासा द्या मला, लांब पंखांचा. डॉक्टर खूश, तुम्ही खूश.

डाबा : द्या ना. बघत काय बसलात?

सोबेरे : एंजल नाही देणार.

डाबा : अहो!

सोबेरे : सिस्टर, तो सहा महिन्यांत तळहाताएवढा होईल आणि तुमचे बारके एकेक करून गिळेल. त्या पोटुशा बायकांच्या समोर.

डाबा : गप्प राहिला असतात तर मासा आपला झाला होता.

सोबेरे : तसा नकोय मला. तीस वर्षं गिऱ्हाईक मागेल ते काढून दिलं. त्यानंच ही वेळ आली.

इबिसिकी : बरं. मग मधोमध ठेवायला कोणता देताय?

सोबेरे : हीच. ही रुसलेली नाही, एकटी आहे. समोर नर आला की चार दिवसांत पोट पुन्हा लाल होतं की नाही बघा. अंगाचा बाक करून त्याच्यापुढे थरथरेल. मडक्यात अंडी घालेल. मग पिल्लांचा थवा मधे धरून दोघं वाळूवर चारायला निघतील. बायका तपासणीला आत जायच्या नाहीत, सांगून ठेवतो.

इबिसिकी : आणि माझे बारके?

सोबेरे : ते वरच्या पाण्यातले. खाली उतरले तर ही हाकलेल, पण खाणार नाही. फक्त पिल्लं होईपर्यंत हिला माझ्याकडे राहू द्या. मागची टाकी रिकामी करतो.

डाबा : आणि वीज? खाडी बुजली त्याच महिन्यात तीन दिवस पंप बंद होता. किती मासे गेले, सांगा सिस्टरना.

सोबेरे : नऊ.

डाबा : त्यांत मादी होती का?

सोबेरे : एक होती. शेवटची.

इबिसिकी : मग विषय संपला. आमच्या लसींच्या फ्रिजला सौर वीज आहे, टाकीचा पंपही त्यावरच चालतो. ही माझ्याबरोबर परत येतेय.

सोबेरे : नाही. मला ती डोळ्यांसमोर हवी.

इबिसिकी : मग डोळे घेऊन तिकडे या. सकाळी सातला कुलूप निघतं. मी झाकण लावतेय बादलीला.

सोबेरे : सिस्टर, मी हात जोडतो. ही एकच आहे. हिचं काही बरंवाईट झालं तर पुढे काहीच नाही.

इबिसिकी : काका, अठरा वर्षं बाळंतपणं करतेय मी. एकच आहे म्हणजे काय, ते मला कळतं.

डाबा : बोला आता.

सोबेरे : तिन्ही नर बरोबर घेतो. एकेकाला काचेच्या बरणीत घालून टाकीत ठेवायचं. ज्याच्या बरणीपुढे ही रंगात येईल, तोच सोडायचा. आपण निवडायचं नाही. बाकीचे दोघं मी परत आणीन.

इबिसिकी : मोठ्या तोंडाच्या बरण्या आहेत आमच्याकडे. उकळून ठेवते.

सोबेरे : उकळा, पण साबण लावू नका. आणि पाणी मी आधी चाखून बघणार.

डाबा : जा तुम्ही, दुकान मी बघते. जाळं खुंटीवर आहे. बारीक भोकांचं घ्या.

इबिसिकी : एक राहिलंच. डॉक्टरांना काचेवर माशाच्या नावाची पट्टी लावायचीय. काय लिहायचं?

सोबेरे : किरिबो.

इबिसिकी : ते तर खाडीचं नाव झालं, काका. मी माशाचं विचारतेय.

सोबेरे : कळलं मला. किरिबोच लिहा.