घोंगड्यात तांब्याभर पाणी

पौडच्या थांब्यावर चंद्राबाई एसटीची वाट बघत उभी होती, पण कान मागं लागले होते. तिथं म्हसू धनगर आज पहिल्यांदाच आपली घोंगडी आपणच विकायला बसला होता आणि त्याची आत्या त्याला फैलावर घेत होती.

"सकाळधरनं भवानीबी न्हाई झाली, आत्ये."

"कशी व्हईल? घड्या घालून ठेवल्यास. लोकांनी काय तुजं तोंड बघायचं?"

"उलगडली तर धूळ बसंल."

"बसू दे. घोंगडं हाय, शालू न्हवं. तो तांब्या आन हिकडं."

"अगं, भिजंल की!"

"तूच विणलंयस न्हवं? मग आपल्या हातावर भरवसा न्हाई व्हय? धर कोपरे. ओतते बघ."

"आत्ये! थेंब न्हाई गळला!"

"मला काय सांगतुयास? लोकांना सांग."

चंद्राबाई कधी वळली, तिचं तिलाच कळलं नाही. तिनं घोंगड्याखालून हात फिरवला. हात कोरडाच.

"भातलावणीला पावसात असंच पायजे व्हतं. दे मला."

"ह्ये वरनं भिजलंय, मावशी. दुसरं कोरडं देतो."

"कोरडं ऱ्हाऊ दे तुज्याकडं. मी पारखलंय, त्येच दे."

"आत्ये, भवानी झाली!"

"मग नाचतुयास काय? एसटी आली बघ. पळ, तांब्या भरून आन."