शिट्टी वाजेपर्यंत

— नाही म्हटलं ना पुष्कर, सत्कार नको. काहून नको? बस, सांगतो. तुमच्या मंडळाले एकाहत्तरच्या लढाईतला तो सिनेमा सापडला, त्यात मी, हा भैय्याजी, बॉम्ब पडलेल्या घरातून बाईले उचलून आणतो — बरोबर? अरे, नागपुरावर फटाकाही पडला नव्हता गा! लोकाईनं भिऊ नये म्हणून सरकारनं काढलेला सिनेमा तो, टाकीजमध्ये मोठ्या पिक्चरच्या आधी दाखवत. मी अन् धोंडबा, दोघं नागरी संरक्षणाचे स्वयंसेवक. तणसाचं खोटं घर, धुराचे डबे, अन् आत जखमी म्हणून धोंडबाची बायको भीमाबाई — गळ्यात चिठ्ठी, 'पाय मोडला'. कवायतीत तसंच असते. तिले उचलून आणायचं काम माझं. नेम एकच — साहेबाची शिट्टी वाजल्याशिवाय आत शिरायचं नाही.

डबा उलटला, तणस खरंच पेटलं. बाई ओरडली. मले वाटलं, काय ॲक्टिंग करून राहिली! शिट्टी वाजली नाही, मी उभा. धोंडबाचं सिनेमात कामच नव्हतं, तो बाजूले वाळूची बादली घेऊन होता — बादली फेकली अन् घुसला. कॅमेरा चालूच. बायकोले बाहेर आणलं, पण दोन्ही तळहात सोलले त्याचे. तो दवाखान्यात, अन् सिनेमावाला साहेब मले म्हणे, तुमचा चेहरा भारदस्त आहे, काजळी फासा, इकडे पाहा. मी पाहिलं. म्हणून सिनेमात पाठ धोंडबाची अन् तोंड माझं. पन्नास वर्षं लोक मले रामराम करून राहिले, मी घेऊन राहिलो. धोंडबा मेला, पण बोलला नाही कधी.

काय म्हणतोस? नेम पाळला, त्यात चूक काय? हो — मीही तेच सांगत आलो. घरच्याईले, स्वतःलेही. नाही गा. केस जळल्याचा वास आला होता मले. वास काही ॲक्टिंग करते? समजलं होतं सारं. पाय उचलला नाही. भ्यालो मी.

अन् तुम्ही पत्रिकेत छापलं — 'भैय्याजींनी वाचवलेल्या भीमाबाईंच्या हस्ते सत्कार'! हुडकेश्वरहून गाडी करून आणणार म्हातारीले. तिले माहीत नाही का, उचललं कोणी ते? तरी येईल ती. मले हार घालेल, हात जोडेल, चकार शब्द काढणार नाही — तेच सोसणार नाही मले.

तिले सांग, भैय्याजीची तब्येत बरी नाही. पाहून काय राहिला असा? ठणठणीत आहो, मलेही समजते. तरी तसंच सांग. जा आता, दार लोटून घे.