टिनावरचे दगड

सकाळी सव्वासातले सुरू झालं हे सगळं, मामाजी, बरोबर सव्वासातले — मोबाईल केकाटला तेव्हा — अन त्याच्या आधी मी तुमाले कधी एक उलटा शब्द बोलली असेल तर सांगा. नाही ना? मग आता ऐका. शिडी मी काढली. हो, मीच. वाऱ्यानं नाही पडली, वारा अजून यायचाच आहे. तुमी घमेल्यातला दगड घेऊन छपराच्या टिनाकडे वळले, अन मी शिडी उचलून तुळशीपाशी आडवी टाकली, अन आता तिच्यावरच बसून आहे. ओरडा ना. साऱ्या गल्लीले ऐकू जाऊ द्या, की सुनेनं सासऱ्याले संडासाच्या स्लॅबवर अडकवून ठेवलं. आजवर गल्लीनं आपल्या घरातलं काय कमी ऐकलं?

काय आलं होतं मोबाईलवर? सातवी शिकली मी, वाचता येते मले. बंगालच्या उपसागरातलं वादळ आंध्रात शिरलं, उद्या दुपारपासून विदर्भात जोराचा वारा अन पाऊस, कच्च्या घरात थांबू नका. तुमी काय म्हटलं? समुद्र कुठं अन नागपूर कुठं, इथं काय होड्या बुडतात का! हसले. चहा प्याले. अन चहा पिऊन काय केलं — शिडी लावली अन दगड चढवायले सुरुवात! म्हणजे वादळ येत नाही म्हणता, अन तयारी पण करता. मी कोणतं खरं धरू? येत नसेल तर खाली उतरा, पेपर वाचत बसा. येत असेल तर माझं ऐका. पण उतरता कसे, शिडी तर माझ्याखाली आहे!

नाही, हसू नाही आलं मले. वैभवीचा फोन आला होता सकाळी — माझी बहीण वो, काकीनाड्याले दिली ती — तिकडे तर दारात समुद्र. तिच्या गल्लीतले लोकं कालपासून शाळेत जाऊन राहिले, अन जायच्या आधी गच्चीवरच्या कुंड्या, डिश, जुनी सायकल, एकेक वस्तू खाली आणून ठेवली त्यांनी. काहून? वारा उचलून कोणाच्या डोक्यात घालेल म्हणून. समुद्राकाठचे लोकं वरचं खाली उतरवून राहिले, अन आपल्या गल्लीत सगळे खालचं वर चढवून राहिले! पाहा ना तिथून — टायर, फुटका पाटा, विटा, दगड, अन त्या कोपऱ्यात आपला बिनमुठीचा कुकर. कुकर, मामाजी! तो काय वादळाले शिटी मारून दाखवणार आहे?

चाळीस वर्षं ठेवून राहिले, माहीत आहे. टिन एकदाही उडालं नाही, तेही माहीत आहे. टिनाचं विचारूनच नाही राहिली मी. दगडाचं विचारते. वारा खालून शिरला की टिन फडफडते, अन त्याच्यावर जो दगड आहे तो काय झोपून राहतो का? तो सरकते, नाही तर गंजलेली जागा पाहून खाली येते. वर आहे तोवर तो टिनाचा दगड. खाली आला की कोणाचा? खाली कोण झोपते? मी झोपते, तुमचा पोरगा मुकुंद झोपते, अन मिनल झोपते — दीड वर्षाची नात आहे तुमची, तिचं डोकं पाहिलं किती आहे ते? तुमच्या एका मुठीएवढं.

मग टिन उडू देऊ का म्हणता? कोण म्हटलं उडू द्या? मुकुंद सदर बाजारातून तार अन हूक घेऊन येऊन राहिला, दुकानातून अर्धी सुट्टी काढून. टिन खालच्या लाकडाले बांधायचं, आवळून. अन पोत्यात रेती भरून, दोन-दोन पोती एका दोरीनं जोडून आडवी टाकायची, एक इकडे लोंबेल, एक तिकडे. अन उद्या आपण सगळे समोरच्या गोपिकाकाकूकडे जायचं, त्यांच्या घरावर स्लॅब आहे. विचारून आली मी. हो, तुमाले न विचारता. तुमी तर म्हणालच, लोकाच्या घरी काहून झोपू, माझं घर काय पडलं का. पडल्यावरच जायचं असते का, मामाजी?

काय? काय म्हटलं? पुन्हा म्हणा. नातीले मी तुमच्यापासून तोडते? दुपारी तुमच्या खोलीत झोपू देत नाही म्हणून? तुमच्या लेकीले, करिष्माताईले, फोनवर हेच सांगितलं ना तुमी — भिंत पातळ आहे, ऐकलं मी. सून शहाणी झाली, पोरीले म्हाताऱ्याजवळ ठेवत नाही. पण तुमच्या खोलीच्या टिनावर सगळ्यात जास्त दगड कोणी मांडले? तुमीच. तुमच्याजवळ म्हणून नाही नेत मी तिले, त्या दगडांखाली म्हणून नाही नेत! माझ्या खोलीतही रात्री मी तिले घेऊन लोखंडी पलंगाखाली झोपते, मे महिन्यापासून. तुमाले काय सांगितलं? खाली गार लागते म्हणून. गार!

पाळण्याची दोरी कुजली नव्हती, मामाजी.

दोरी कुजून पाळणा पडला, असं मुकुंदनं सांगितलं तुमाले. मे महिन्यात तुमी सावनेरले लग्नाले गेले होते अन इथं संध्याकाळी ते वादळ आलं. मिनल पाळण्यात होती. तिनं सू केली म्हणून मी उचललं — बस, तेवढ्यासाठी, दुसरं काही नाही, मले काही समजलं-बिमजलं नव्हतं — उचललं अन लंगोट घ्यायले वळली, अन मागं धप्प. वळून पाहिलं तर पाळणा खाली, अन पाळण्यात दगड. तिच्या उशीवर. उशीवर, मामाजी. वर टिनाले भोक, अन त्यातून पाणी त्या दगडावर पडून राहिलं होतं. मुकुंदनं त्या भोकावर डांबराचा पट्टा मारला अन तुमाले सांगितलं गंज लागला. मले म्हटलं, बाबाले सांगू नको, जीव आहे त्यांचा पोरीवर, ऐकून मरून जातील. अन तो दगड मोरीत आहे. रोज कपडे आपटते मी त्याच्यावर. जोरात आपटते. तुमीच म्हटलं होतं ना, चांगला चपटा दगड आहे, कुठून आणला वं?

तुमच्या टिनावरून आणला.

मामाजी? शिव्या द्या मले. खाली बसू नका तिथं, कडेले आहे तुमी — बसायचंच असलं तर मागं सरका. सरका. हां. हे पाहा, शिडी लावली मी. धरून आहे दोन्ही हातांनी, हलत नाही. पण लगेच उतरू नका. आधी ते दगड घमेल्यात भरा अन दोरीनं खाली सोडा, एका वेळी दोनच. घाई नाही. मुकुंदले मी सांगेन की मीच बोलून गेली, तुमी त्याले काही म्हणू नका. अन ते डोळे पुसा, नाही तर दगड दिसणार नाही.

आलं. काढले दगड, ओढा घमेलं वर. दुसरं भरा.

अन मामाजी, वर आहात तोवर — शेजारच्या नत्थूजीच्या टिनाकडे पाहा. तेही सकाळपासून चढवून राहिले. त्यांच्या घरी सुनेचं बाळंतपण झालं आता, महिनाही नाही झाला. मी सांगितलं तर कोण ऐकते? तुमचं ऐकतील. आवाज द्या त्यांले. म्हणा, उतरवा सगळे, अन पुढच्या घरालेही सांगा म्हणा. अन काहून म्हणून विचारलं तर लपवू नका. पाळण्याचं सांगा.