मुंग्या थकतात का?

दवाखान्यात माझ्या शेजारी रेडिओवर लेखकांच्या मुलाखती घेणारी बाई आणि तिची वहिनी नंबराची वाट बघत होत्या.

"वहिनी, ते मुंग्यांवर पुस्तक लिहिणारे सर तुझा पत्ता मागत होते."

"माझा कशाला?"

"तू श्रोता म्हणून फोन केलास ना. म्हणाले, तीस वर्षांत असा प्रश्न कुणी विचारला नाही."

"मुंग्या थकतात का, हा? तो तर तूच लिहून दिलास."

"बसमध्ये सुचला गं. पुस्तक उघडलंही नव्हतं. कुणाचेच फोन येत नाहीत, म्हणून तुला करायला लावला."

"मग खरं सांगून टाक त्यांना."

"तेच सांगायला गेले होते. त्यांनी ही वही हातात ठेवली. पुढचं पुस्तक छापायच्या आधी तू वाचावंस म्हणून."

"आणि तू घेतलीस?"

"तुझ्या वतीनं आभारही मानले."