राजाच्या सदऱ्याची बाही

व्हर्सायच्या राजवाड्यात, राजाच्या शेजघराबाहेर, सकाळी सरदारांची ही रांग! मार्की द व्हर्नुए अकरा वर्षं रोज तिथे उभा राहायचा. राजा सदरा घालताना एकदा तरी बाही धरायला मिळावी, यासाठी त्याचा जीव टांगणीला लागलेला. मागे इस्तंबूलचे पाहुणे मामा-भाचे कुजबुजत होते. मार्की त्याआधी तिकडे वकिलातीत राहिलेला, त्याला तुर्की चोख कळायची. पण गड्याने चेहरा कोरा ठेवला.

"मामा, यांचा गुन्हा काय?"

"गुन्हा कसला! बडे जहागीरदार आहेत. राजाला कपडे घालायला आलेत."

"राजाला हात नाहीत?"

"हळू बोल, गाढवा! चांगले दोन आहेत."

"आपल्याकडे हे काम गुलाम करतो."

"गुलाम पळून जातो रे! हे बघ, आपल्या पायांनी येऊन उभे. ना बेडी, ना पहारा. काय राजा आहे, वा!"

दार उघडलं. "मार्की द व्हर्नुए! उजवी बाही!"

मार्कीला रडूच फुटलं. डोळे पुसत तो आत पळाला. मागे अख्खी रांग जळून खाक.

"मामा, हे आपल्या सुलतानांना सांगायचं?"

"खबरदार! उद्या मला सलवारीची नाडी धरायला उभं करतील."