चहा ठेवला हाये

—नाई नाई ईनबाई, चहा घेतल्याशिवाय कशा जाल? ठेवला हाये मी गॅसच्या शेगडीवर, बारीक जाळावर, होऊ द्या सावकाश, दूध मोप टाकलं हाये. आंबागडवरून तुमसर, तुमसरवरून वरठी, दोन गाड्या बदलून आल्या तुमी, अन मी काय कोरड्या तोंडानं वापस धाडू? सुलोचनाच्या घरातून पाव्हना बिनाचहाचा गेला असं वरठीत कोनी म्हनाचं नाई — मनात मंग काहीबी असो. अन मनात हाये, ते मी लपवून ठेवत नाई. तुमची रीता नागपंचमीले म्हनून मायेरी गेली, पोळा झाला तरी तिचा पत्ता नाई. माझा मनिष कारखान्यातून ड्युटी करून येते, फटफटी लावते, अन आधी आतल्या खोलीकडं पायते — कोनी नाई. पहिलंच पोट हाये पोरीचं, तिसरा महिना, सून सासरी असाले पायजे का तिकडं किल्ल्याच्या पायथ्याशी? — थांबा, बोलू द्या मले. तुमी बोलासाठीच आल्या, मले समजते, पन घर माझं हाये, तं आधी मी बोलीन.

हे काय, गाठोडं? डब्बा आनला? रीतानं धाडला? पाहा बाप्पा, सोता येत नाई, डब्बा धाडते. राहू द्या, उघडू नका, मी वासावरूनच सांगते — जवसाची चटनी. हो का नाई? सारी उमर शेगडीजवळ गेली माझी, मले झाकन उघडा लागत नाई. … काय? वास्ते? … हो, तं वास्तेच म्हनून राहिली मी. जवसाची चटनी रीताले आवडते म्हनून तोंडात आलं तेवढं. जंगलातले कवळे बांबू, पान्यात ठेवून आंबवले का पुऱ्या गल्लीले वास जाते त्याईचा — मले तुमी वास्ते शिकवाल? गाठोडं घट्ट बांधलं तुमी, म्हनून. हासू नका. — नाई हासल्या? मंग तशा काहून पाहून राहिल्या?

आता आयका. तिनं फोनवर काय सांगतलं ते तुमी मले सांगू नका, मीच सांगते. सांगतलं असन, सासू सैपाकाले हात लावू देत नाई. खरं हाये. नाई लावू देत. सैपाक म्हंजे काय, गंज चढवला अन उतरवला? सैपाक शेगडी पेटाच्या आधी डोक्यात होते, ईनबाई. सकाळी डोळे उघडले का पहिला इचार कोनता येते — देवाचा? नाई. सांजच्याले काय रांधू. मनिषच्या बाबूजीले इचारलं तं म्हनते, काहीबी कर. मनिषले इचारलं तं म्हनते, तुले वाटन ते. मंग केले वांगे, तं ताटावर बसल्यावर — वांगेच? केली लाखोळीची डाळ, तं — कालबी डाळच होती नं! काहीबी नावाची भाजी कोन्या बाजारात भेटते सांगा मले, मी पोतंभर आनून ठेवते. एकाले भात मोकळा पायजे, एकाले गिचका पायजे. बाबूजीले तेल कमी, मनिषले रस्स्यावर बोटभर तर्री. हे सारं ध्यानात ठेवून रोज, रोज — घरात लग्न असो का गावात मयत असो, सांज काही टळते का? गोंदिया जिल्हा वायला झाला त्या साली मी या घरात आली, मायेर माझं तिकडच्या जिल्ह्यात राहून गेलं, अन तवापासून या घराची सांज मी ठरवते. कटाळा येते का? येते! इतका येते का कधी वाटते, गंज उचलावा अन अंगनात फेकून द्यावा. पन तो कटाळा माझा हाये. तो मी कोनाले देनार नाई.

मंग आली तुमची रीता. चांगली शिकलेली, बोलाचालाले गोड, मी काही नाव ठेवत नाई — नाई कशी, ठेवते! लग्नाची हळद निघाली नाई तं म्हनते, आई, आज मी करू का? मी म्हनली, तू भांडे उचल. अन पोटाशी राहिली तं नाकच फुटलं तिले. कांद्याचा वास येते, फोडनीचा येते, मनिषच्या सदऱ्याचा येते, तेल तापलं का ओकाऱ्या. एकेकीचं नाक! सुक्या मासोळ्या भाजाले घेतल्या का पोरगी थेट न्हानीत. सांगतलं नं तिनं, आई रोज सुक्या मासोळ्या करते म्हनून? रोज नाई करत. दोन-तीन दिवसाआड… दिवसाआड. आता मी काय तिले ओकवासाठी भाजते? मासोळी तव्यावर टाकली का धूर निघते, डोळे झोंबते, अन नाकात आतमधी कुठंतरी चुरचुरते — जरासं, अगदी जरासं — असं वाटते का आता येईन, आता येईन — … चव म्हनते मी. तोंडाले चव येईन. दुसऱ्या भाज्याईत काय हाये, सारं पानीच लागते मेलं.

अन मिठाचं सांगतलं का? नाई सांगतलं असन, सोताचं कोन सांगते. मी सांगते. मनिषचे कारखान्यातले दोस्त आले होते जेवाले, मी वांग्याची भाजी केली होती, रस्सा असा लाल, पाहाले एकदम झकास. पहिला घास घेतला अन साऱ्याईचे हात ताटातच थांबले. एकानं तं पान्याचा गिलास लावला तोंडाले तो खाली ठेवलाच नाई. मनिष म्हनते, आई… मीठ? अन त्याच्या बाबूजीनं ताट सरकवलं. पाव्हन्यासमोर! मी काही बोलाच्या आधी तुमची रीता दारातून म्हनते, मीच टाकलं जी, आईनं टाकलं हाये हे मले मालूम नव्हतं, मी वरून अजून टाकलं. तिच्या तोंडानं! पुऱ्या पंगतीसमोर कबूल केलं तिनं! आता सांगा, माझ्या भाजीत हात घातला का नाई? मी असं झाडलं तिले, असं झाडलं, का बाजूच्या घरात आयकू गेलं असन. एक शब्द उलटून नाई बोलली. बोलन कशी? — काय म्हनल्या? ती कुठं होती तवा? … आतमधी. निजून होती, जीव मळमळते म्हनून. पाव्हने बसले तवाच उठली. … मंग टाकलं असन मधी उठून! मी काय पाहारा देऊन राहिली होती? न टाकता कोनी कायले म्हनन मी टाकलं म्हनून? सांगा नं. कायले म्हनन? … पाहू नका अशा माझ्याकडं.

पोरगी साधी नाई तुमची. गॅसचं नाटक केलं ते वायलंच. मी सांजची खाली बसून सांभाराची जुडी निवडून राहिली होती, अन ही अंगनातून धावत आली — आई गॅस, आई गॅस — बटन बंद, खिडक्या उघड्या, मले दंडाले धरून बाहीर. जसं काही घरच उडून चाललं. हवेनं विझला होता जाळ, विझते कधी कधी! म्हनते, आई, तुमाले वास नाई आला? मी म्हनली, आला, मी उठतच होती. आलाच होता. काहून नाई येईन? तापाच्या साली, सारं बंद होतं तवा, अर्ध्या वरठीचं नाक गेलं होतं, मंग आलं नं साऱ्याईचं वापस. बाबूजीनं मले इचारलं, आला का तुले वास? मी म्हनली, आला. झालं, संपलं, त्याईनं पुन्हा इचारलं नाई. अन सैपाक कराले नाक कायले पायजे हो? मोहरी तडतडते ते कान आयकते, कांदा लाल झाला ते डोळा पायते, मीठ-तिखट हाताले पाठ हाये. असते पाठ. एखाद्या दिवशी हात दोनदा चालते, त्यात काय येवढं, कोनाचाबी चालते.

पन त्या दिवसापासून तिचं सुरू झालं — आई, सांजचा सैपाक मी करते. आई, तुमी बसा. बसा! बसा म्हंजे काय ते मले मालूम हाये. या खिडकीतून पाहा, ते कवडूभाऊचं घर. त्याईची माय दिसते ओसरीवर? साऱ्या मोहल्ल्याले पंगती वाढल्या त्या बाईनं. सुनेनं एक दिवस म्हटलं, आत्याबाई, तुमी बसा. बसली. आता कोनी ताट आनून समोर सरकवून देते, अन ते खाते. आज काय केलं म्हनूनबी इचारत नाई बिचारी, काय इचारन, तिच्या घरात तिले कोनी इचारते का काय रांधू म्हनून? बाई शेगडीपासून उठली का ओसरीवर जाते, अन ओसरीवरून कुठं जाते ते तुमालेबी मालूम हाये. मी नाई उठत. मी साफ सांगतलं रीताले, माझ्या जित्तेपनी या शेगडीले दुसऱ्या बाईचा हात लागनार नाई. रडली. रडू दे. दुसऱ्या दिवशी तिनं नागपंचमी काढली.

अन आता मनिष म्हनते, मी भंडाऱ्यात खोली करतो, रीताले घेऊन तिकडंच राहातो. माझं पोट फाडून आलेला पोरगा! मी म्हनली, जाय. खाय तिच्या हातचं काहीबी. जाय म्हनली खरी, पन तो गेला तं मी सांजच्याले कोनासाठी… ते राहू द्या, ते माझं मी पाहीन. तुमी रीताले जाऊन येवढंच सांगा. याचं असन तं ये, मुकाट्यानं ताटावर बस, अन समोर येईन ते खाय. नाई तं राह्य आंबागडले, तिकडंच बाळंत होय, नातवाचं तोंड मले फोटोत दाखव. झालं माझं सांगून. नाई, तुमी मधी बोलू नका, मघापासून हात वर करून राहिल्या, शाळेत बसल्या का? तुमचं काही आयकाचं नाई मले. तुमी पोरीची बाजू घ्यासाठी आल्या, घेतली, आता उठा. चहा राहू द्या. नाई पाजत मी चहा. निघा तुमी.

— अन हे काय? नाकाले पदर? माझ्या घरात बसून नाकाले पदर लावता? येवढी घान वाटते तुमाले आमच्या घराची? वा रे ईनबाई, पोरगी मासोळीनं ओकते अन माय बसल्या जागी नाक झाकते! निघा म्हनलं नं — तिकडं कुठं? दार इकडं हाये! ईनबाई, ते माझं सैपाकघर हाये, तिकडं पाय ठेवाचा नाई — हात लावू नका! बटन कायले पिळता? खिडकी काहून — अवो, लोटून कायले देता मले? चहा उतू गेला असन, त्यात येवढं काय, मी पुसून — …

जाळ तं विझला हाये.

… कवाचा? … मी बोलून राहिली होती तवापासून? मंग तुमी सांगतलं काहून नाई? … हो. मीच बोलू देल्लं नाई.

तुमी थेट बटनाकडंच धावल्या. किंचाळल्या नाई. तुमाले नवलबी नाई वाटलं, सुलोचनाले वास कसा नाई आला म्हनून. … तुमाले मालूम होतं. रीतानं सांगतलं. … अन मनिषले? … नाई सांगतलं? बाबूजीलेबी नाई? … ते मीठ — … राहू द्या. ते मीठ राहू द्या.

… मनिष येईन आता ड्युटीवरून. खिडकी असू द्या उघडी. … पातेलं घासून ठेवलेलं हाये तिथं मोरीजवळ, साखर वरच्या डब्ब्यात. …

तुमीच ठेवा चहा.