बोटीवर न्यायचा गेम

नेरूळच्या दवाखान्यात मी गुडघा धरून बसले होते. शेजारी करावे गावचा निकेश, बोटीवर नोकरीला चढायचं म्हणून तपासणीला आलेला, आणि त्याची बहीण मनस्वी. त्याचा पाय एका जागी ठरेल तर शपथ.

“मनस्वी, लवकर सांग. बोटीवर नेट नसतं. नऊ महिने एकच गेम पुरवायचाय.”

“सरळ गोष्टीवाला घे दादा. राक्षस मेला की संपला.”

“आठ दिवसांत संपेल. मग काय करू?”

“मोकळ्या जगाचा घे. पायजे तिकडं भटक.”

“एकटाच? एकटा तर तिथं हायेच मी.”

“मग टोळीवाला घे ना. चौघं बरोबर चालतात, शेकोटीला बसून गप्पा मारतात.”

“नावं आपण ठेवायची?”

“हो. टोळीचा तांडेल कोण?”

“आई. पुढं तीच लढेल. मागं बाबा, आजी आणि तू.”

“आणि तू कुठं?”

“मी बाहेरून बघेन ना तुमाला.”

तेवढ्यात आतून हाक आली, “निकेश!”

तो उठेना. माझ्याकडं वळला. “काकी, तुमी जा आधी.”

“माझं नाव निकेश हाय का रे? ऊठ!”